आरोग्याच्या चार गोष्टी : औषधाचें वावडें

‘वावडें’ हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. कुणाला वांग्याचें वावडें, कुणाला शेंगदाण्याचें, कुणाला आंबट ताकाचें. दहा माणसांचें घर असलें म्हणजे वाढणाऱ्या बाईच्या ध्यानांत हीं सारीं वावडीं असतात, आणि तीं सांभाळण्यांत फारसें नुकसानहि नसतें. वांगें न खाल्ल्यानें कोणाचें अडत नाहीं. परंतु तोच शब्द आपण जेव्हां औषधास लावतों, आणि तें औषध असें असतें कीं त्याच्या आधारावर एखाद्याचा जीव उभा आहे, तेव्हां त्या शब्दाचें वजन फार वाढतें. रक्ताची गुठळी होऊं नये म्हणून पोटांत घ्यावयाच्या गोळ्या हें असेंच एक औषध आहे. त्यांचें वावडें खरें केव्हां समजावें आणि खोटें केव्हां, याविषयीं या महिन्यांत वाचकांशीं चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. आमच्या परिचयाचें एक मोठें कुटुंब आहे. घरांतील सर्वांत वडील स्त्रीस सगळे माई म्हणतात. माईंना लहानपणीं संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्यानें हृदयाची एक झडप कायमची बिघडली, आणि पुढें पन्नाशीच्या सुमारास ती काढून तेथें कृत्रिम झडप बसवावी लागली. परकी वस्तु रक्तांत असली कीं तिच्यावर रक्त गोठूं पाहतें. म्हणून तेव्हांपासून नऊ वर्षें असेनोकुमॅरॉल नांवाची गोळी रोज दिवेलागणीनंतर घेण्याचा त्यांचा नेम होता.

एका पावसाळ्यांत माईंना लघवीची जळजळ होऊं लागली. जवळच्या दवाखान्यांतून सल्फाच्या गोळ्या पांच दिवस मिळाल्या आणि जळजळ थांबली. त्यानंतर तीन-चार दिवसांनीं त्यांच्या पोटावर व पाठीवर लाल पुरळ उठलें आणि खाज सुटली. घरांत तीन मतें पडलीं. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, ‘हें पित्तच उठलें आहे, अमसुलाचें पाणी लावा.’ थोरल्या चिरंजिवांनीं रक्ताच्या गोळीबरोबर आलेला कागद भिंग लावून वाचला आणि ‘अंगावर पुरळ’ हे शब्द शोधून काढले. सुटींत आलेल्या भाच्यानें सांगितलें कीं या जातीचें औषध मुळांत उंदीर मारण्यासाठीं वापरीत. झालें! गोळीचें वावडें ठरलें आणि ती त्याच संध्याकाळीं बंद झाली. ‘डॉक्टरांना एकदां विचारूं या ना,’ असें सून म्हणाली. परंतु रविवार होता, आणि सुनेचा आवाज त्या घरांत थोडा लहानच होता. सोमवारीं पुरळ मावळूं लागलें, तेव्हां आपलें निदान बरोबर ठरलें म्हणून सर्वांस समाधान वाटलें. पांचव्या दिवशीं सकाळीं माईंच्या उजव्या हातांतून फुलांची परडी गळून पडली आणि त्यांना सुनेचें नांव घेतां येईना.

झडपेवर जमलेल्या गुठळीचा कण मेंदूंत गेला होता. माई वांचल्या. इस्पितळांत तीच असेनोकुमॅरॉलची गोळी पुन्हां सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे, आणि पुरळ पुन्हां उठलेलें नाहीं. वावडें होतें तें सल्फाच्या गोळीचें. ती संपून तीन-चार दिवस झाले होते, म्हणून तिच्याकडे कुणाची नजर गेली नाहीं. औषधानें उठणारें पुरळ पुष्कळदां आठवडा-दीड आठवड्यानें उठतें, आणि कधीं कधीं औषध संपल्यावर उठतें, ही गोष्ट घरांत कुणास ठाऊक नव्हती. नऊ वर्षें जी गोळी मुकाट्यानें काम करीत होती तिच्यावर आळ आला, आणि नुकता घरांत येऊन गेलेला पाहुणा सुटला.

या हकीकतींत कुणीहि दुष्टपणानें वागलें नाहीं, उलट सगळेच माईंच्या काळजीनें बोलत होते. चुकलें तें इतकेंच कीं पुरळ दिसतें, खाज जाणवते, आणि हृदयांतील गुठळी दिसत नाहीं. म्हणून दिसणाऱ्या संकटापुढें न दिसणारें संकट लहान वाटलें.

भाच्याचें म्हणणें खोटें नव्हतें, अर्धें होतें. त्याचा उरलेला अर्धा भाग वाचकांनीं ऐकण्यासारखा आहे. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडांत आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचा चारा बुरशी लागून बिघडला, आणि तो खाणारीं गुरें रक्त वाहून मरूं लागलीं. शिंगें कापण्यासारख्या किरकोळ जखमेंतूनहि रक्त थांबेना. १९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिन संस्थानांतील एक शेतकरी बर्फाच्या वादळांतून मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठणाऱ्या रक्तानें भरलेला दुधाचा कॅन घेऊन मॅडिसन येथील विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञांकडे गेला. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ सालीं, लिंक यांच्या प्रयोगशाळेनें चाऱ्यांतील तें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. त्याच कुळांतील वॉर्फरिन १९४८ सालीं उंदरांसाठीं बाजारांत आलें, हें खरें. परंतु १९५४ सालीं अमेरिकेंत माणसांच्या उपचारासाठीं त्यास मान्यता मिळाली, आणि १९५५ सालीं तेथील अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाहि हेंच औषध देण्यांत आलें. माईंची असेनोकुमॅरॉल ही याच कुळांतली. विष आणि औषध यांत पुष्कळदां मात्रेचाच फरक असतो, हें आपल्या वैद्यकासहि नवें नाहीं.

या गोळीस आपण ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतों, पण रक्त पाण्यासारखें पातळ होत नाहीं. रक्त गोठविणारे कांहीं घटक यकृत तयार करतें, आणि त्या कामीं त्यास ‘के’ जीवनसत्त्व लागतें. एकदां वापरलेलें ‘के’ जीवनसत्त्व शरीर पुन्हां कामास लावतें; गोळी ही वाट अडविते, एवढेंच तिचें काम. म्हणून रक्त गोठण्यास किती वेळ लागतो याची तपासणी करून मात्रा ठरवावी लागते. या तपासणीच्या आंकड्यास ‘आयएनआर’ म्हणतात. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आंकडा १ च्या आसपास असतो. माईंसारख्यांचा सामान्यतः २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी, अळू यांसारख्या भाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतें. त्या वर्ज्य करण्याचें कारण नाहीं, परंतु एक आठवडा मुळींच नाहीं आणि श्रावणांत रोज अळूचें फदफदें, असा चढउतार मात्र नसावा.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. खरें वावडें म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेनें औषधास शत्रु समजून त्याच्याशीं झुंज सुरू करणें. वॉर्फरिन आणि असेनोकुमॅरॉल यांच्या बाबतींत हें घडतें, पण क्वचित्. घडलें म्हणजे अंगावर खाजणाऱ्या गांधी उठतात किंवा गोंवरासारखें बारीक पुरळ येतें. याच कामासाठीं पूर्वीं फेनिंडिओन नांवाची दुसऱ्या रासायनिक कुळांतील गोळी पुष्कळ वापरीत. तिच्यानें कांहीं रुग्णांस थोड्याच आठवड्यांत ताप आणि पुरळ येई, कावीळ होई, मूत्रपिंडें बिघडत, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटत. या वावड्यापायींच ती बहुतेक ठिकाणीं मागें पडली. तिचें वावडें झालेल्यांस वॉर्फरिन मात्र चालत असे. म्हणजे वावडें एका द्रव्याचें असतें. त्याच कामाच्या सगळ्या औषधांचें नव्हे.

कधीं कधीं वावडें औषधाचेंहि नसतें, गोळीच्या रंगाचें असतें. अमेरिकेंत वॉर्फरिनच्या प्रत्येक मात्रेस निराळा रंग ठरलेला आहे, म्हणजे रुग्णाची गफलत होऊं नये. फक्त १० मिलिग्रॅमची गोळी पांढरी, बिनरंगी असते. रंगीत गोळीनें पुरळ उठणाऱ्या कांहीं रुग्णांस डॉक्टरांनीं ही पांढरी गोळी तुकडे करून दिली आणि पुरळ थांबलें, अशा नोंदी वैद्यकीय वाङ्मयांत आहेत. आपल्याकडे रंग कंपनीगणिक बदलतात. म्हणून दुकानदारानें निराळ्या कंपनीची गोळी दिली असेल तर ती तारीख लिहून ठेवावी.

वावड्याचें सोंग घेऊन येणारे प्रकार यांहून अधिक आहेत, आणि त्यांतले कांहीं खऱ्या वावड्याहून भयंकर आहेत. पहिला प्रकार त्वचेखालीं रक्त साकळण्याचा. मात्रा जास्त झाली, किंवा एखाद्या दुसऱ्या औषधानें गोळीचा जोर वाढला, म्हणजे अंगावर लाल-जांभळे ठिपके येतात. माईंना दिलेली सल्फाची गोळी असा जोर वाढविणारीच आहे. रक्ताची गोळी चालू असल्याचें दवाखान्यांत आधीं सांगितलें असतें, तर कदाचित् ती मिळालीच नसती. हे ठिपके ओळखण्याची एक घरगुती रीत आहे. कांचेचा स्वच्छ पेला पुरळावर हलकेच दाबून आरपार पाहावें. लाली फिकी झाली तर ती बहुधा त्वचेचीच लाली. तशीच राहिली तर त्वचेखालीं रक्त आलें आहे असें समजून त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. सांवळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाहीं, म्हणून हें दिवसाच्या उजेडांत करावें. ही रीत डॉक्टरांना काय सांगावयाचें तें कळण्यापुरती आहे. तिच्यावरून औषधाचा निर्णय करूं नये.

दुसरा प्रकार फार दुर्मिळ, दहा हजारांत एक ते दहा रुग्णांस होणारा, पण सर्वांत घातक. गोळी नव्यानें सुरू झाल्यावर बहुधा तिसऱ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान मांडी, नितंब, पोट किंवा स्तन अशा मांसल जागीं ठणकणारा लाल-निळा डाग पडतो, आणि तो लवकरच काळा पडून तेथील त्वचा मरते. हा बायकांत अधिक दिसतो, आणि आपल्या बायका अशा जागेचें दुखणें संकोचानें लपवितात, म्हणून मुद्दाम सांगतों. याचें कारण असें कीं रक्तांत गोठविणाऱ्या घटकांबरोबर गोठण्यास आवर घालणारेहि घटक असतात, आणि गोळीमुळें त्यांतील ‘प्रोटीन सी’ हें आधीं घटतें. तें जन्मतःच कमी असलेल्यांस धोका जास्त. हें वावडें नव्हे. पण येथें एक तासहि दवडूं नये.

तिसरा प्रकार म्हणजे तीन ते आठ आठवड्यांनीं पायांचीं बोटें जांभळीं पडून दुखणें. हाहि डॉक्टरांस तांतडीनें दाखवावा. केंस गळणें मात्र या गोळीचा एक त्रासदायक, पण निरुपद्रवी परिणाम आहे. तोहि वावडें नव्हे.

याच नांवाखालीं घरांत आणखी दोन गोळ्या ओळखल्या जातात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्या रक्तांतील चकत्यांस एकमेकींस चिकटूं देत नाहींत. त्यांचें काम निराळें. ॲस्पिरिननें कांहीं दमेकऱ्यांस, विशेषतः ज्यांच्या नाकांत मांसाचे कोंब वाढतात त्यांस, दम्याचा जोराचा झटका येतो. असें एकदांहि झालें असल्यास प्रत्येक डॉक्टरास तें सांगावें. क्लोपिडोग्रेलनें पुरळ उठणें तसें अपूर्वाईचें नाहीं. परंतु हृदयाच्या रक्तवाहिनींत नुकतीच जाळी, म्हणजे स्टेंट, बसविली असतां ती गोळी एकाएकीं बंद केल्यास जाळींतच रक्त गोठून प्राणावर बेततें. अशा वेळीं पुरळ साधें असेल तर डॉक्टर पुष्कळदां गोळी चालूच ठेवून खाजेवर उपचार करतात, किंवा तिच्या जागीं दुसरी देतात. हा मार्ग त्यांस मोकळा राहतो, तो आपण आधीं गोळी बंद करून बसलों नसलों तरच.

‘एवढी भानगड कशाला? नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांतली एखादी घ्यावी,’ असें कोणी म्हणेल. डाबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान या गोळ्या २०१० ते २०१२ या काळांत अमेरिकेंत वरचेवर होणाऱ्या एका प्रकारच्या अनियमित ठोक्यांवर मान्य झाल्या. पायाच्या शिरेंतील गुठळीवरहि त्या उपयोगी पडतात, आणि त्यांस रक्ताची वारंवार तपासणी लागत नाहीं. वॉर्फरिनचें खरें वावडें असलेल्या पुष्कळांची त्यांनीं सोय केली आहे, जरी क्वचित् त्यांचेंहि वावडें होतें. परंतु कृत्रिम झडपेच्या रुग्णांवर डाबिगाट्रानचा प्रयोग झाला तेव्हां गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही अधिक दिसल्यामुळें तो मध्येंच थांबवावा लागला; त्याचा वृत्तान्त २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या तापानें झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील रुग्णांवर रिव्हरॉक्साबानचा प्रयोग झाला, त्यांतहि जुन्या कुळांतील गोळी घेणारे कमी दगावले, असें २०२२ सालीं दिसून आलें. आपल्या देशांत हा ताप आजहि पुष्कळ मुलांस होतो. म्हणून माईंसारख्या रुग्णाच्या कागदावर ‘वॉर्फरिनचें वावडें’ हे दोन शब्द चुकून लिहिले गेले, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टराचे हात बांधले जातात. उलट वावडें खरेंच असेल तर तें नक्की ठरवून लिहिलें गेलें पाहिजे. मग बिनरंगी गोळी, त्याच कुळांतली दुसरी गोळी किंवा इंजेक्शनें, यांतून वाट काढणें हें तज्ज्ञांचें काम.

मग घरच्यांनीं करावें काय? ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, दम लागला, घेरी आली. तापाबरोबर तोंडांत वा डोळ्यांत फोड आले, कातडी सुटूं लागली. ठणकणारा जांभळा डाग पडला. शौचास डांबरासारखें काळें झालें. लघवींतून रक्त गेलें. एकाएकीं असह्य डोकें दुखूं लागलें. किंवा माईंप्रमाणें हात लुळा पडून वाचा अडली. यांतील एकहि गोष्ट दिसली तर घरांत चर्चा करूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि सगळ्या गोळ्यांचीं पाकिटें बरोबर घेऊन इस्पितळ गांठावें. पुढची गोळी द्यावी कीं नाहीं, तें तेथें ठरेल.

यांपैकीं कांहीं नसून नुसतें पुरळ वा खाज असेल, तर पुढच्या गोळीची वेळ येण्यापूर्वीं, रविवार असला तरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशीं बोलावें. पुरळाचें छायाचित्र काढून ठेवावें, कारण दाखवायला जाईपर्यंत तें मावळतें. गेल्या दीड-दोन महिन्यांत पोटांत गेलेलें प्रत्येक औषध तारखेनिशीं लिहावें. त्यांत दांताच्या डॉक्टरांनीं दिलेली गोळी, शेजारणीनें दिलेला काढा आणि प्रवासांत घेतलेली दुखण्यावरची गोळी यांचाहि समावेश असावा. बाहेरून अमसुलाचें पाणी लावण्यास कांहीं हरकत नाहीं. परंतु त्यानें बरें वाटलें म्हणून निदान झालें असें समजूं नये. खाजेसाठीं कोठें कमरेंत इंजेक्शन देऊं लागले, तर रक्ताची गोळी चालू असल्याचें आधीं सांगावें, कारण स्नायूंत सुई टोंचल्यास आंत रक्त साकळूं शकतें. आणि घरांत ज्याचा आवाज लहान आहे तो ‘विचारूं या’ म्हणाला, तर त्याचें आधीं ऐकावें.

माई आतां बोलतात, सुनेला नांवानें हांक मारतात. उजव्या हाताचीं बोटें मात्र अजून कापसाची वात वळूं शकत नाहींत. नातीला शेजारीं बसवून त्या वळवून घेतात. त्यांच्या औषधाच्या डब्याच्या झांकणावर सुनेनें एक चिठ्ठी चिकटविली आहे : ‘विचारल्यावांचून बंद करूं नये.’ ज्या घरांत अशी गोळी रोज घेतली जाते, तेथें हेंच वाक्य आज संध्याकाळच्या गोळीपूर्वीं लिहून लावावें, एवढीच वाचकांस विनंती आहे.